सराफ्यातला वाढपी

इंदूरला गेलात तर राजवाड्याजवळच्या सराफ्यात रात्री नऊनंतर जा. सोन्याचांदीची दुकानं बंद होतात आणि त्याच गल्लीत खाण्याचे ठेले लागतात, ते थेट मध्यरात्र उलटेपर्यंत. सगळे चव सांगतात; मी मात्र वाढणाऱ्यांचे हात बघायला जातो.

जोशी दहीबडा हाऊसचं प्रात्यक्षिक तर प्रसिद्धच आहे. दहीवड्याने भरलेला द्रोण हवेत उडवतात, झेलतात, दह्याचा थेंब सांडत नाही. मग वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत घेऊन एकेक करून वेगळे सोडतात! चिमटीत ते मिसळत कसे नाहीत, हे मी अगदी जवळ उभा राहून पाहिलंय, तरी उलगडलेलं नाही.

सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर वेगळी कला. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेले वाफाळते पोहे, वर शेव, कांदा, लिंबू आणि जिरावन मसाला. आपल्याकडे पोह्यांना फोडणीतच चव येते; इथे शेवटची चव वाढणारा देतो. नेहमीचं गिऱ्हाईक दिसलं की न विचारता जिरावन कमी-जास्त होतं. हे सगळं उभ्याने, तासन्‌तास. प्लेट घेताना त्या हातांकडे एकदा नक्की बघा. जिरावनने बोटं पिवळट झालेली असतात.