तमिळ माणसाचे नाव

पाहुण्याने नाव सांगितले तरी आपले समाधान होत नाही. "आडनाव काय म्हणालात?" हा प्रश्न ओठांवर येतोच. आडनाव कळले की गाव कळते, घराणे कळते, आणि खरे बोलायचे तर जातही कळते. तमिळनाडूत मात्र ही किल्ली चालायची नाही. तिथला माणूस सांगेल, "एस. मुरुगन". यातले मुरुगन हे त्याचे स्वतःचे नाव. 'एस' हे बापाच्या नावाचे पहिले अक्षर. बाप सेल्वराज असेल, नाहीतर सुब्रमणियन. झाले, संपले नाव! आडनाव नाहीच.

म्हणजे आपल्या उलट चाल. आपण स्वतःचे नाव आधी लावतो, मागून वडिलांचे आणि शेवटी आडनाव. तिथे वडील आधी, तेही एका अक्षरापुरते. बुद्धिबळाचे माजी जगज्जेते विश्वनाथन आनंद घ्या. आनंद हे त्यांचे नाव, विश्वनाथन हे वडिलांचे. परदेशी लोक त्यांना 'मिस्टर आनंद' म्हणतात तेव्हा ते आडनाव समजून म्हणतात, पण हाक बरोबर माणसाला पोचते. कधी पुढचे अक्षर गावाचेही असते. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या नावातला 'एम' म्हणजे मदुरै, आणि 'एस' म्हणजे त्यांच्या आई, वीणावादक षण्मुगवडिवु. बापाचे नव्हे, आईचे नाव! देवदासी घराण्यांत वंश आईकडून चाले, त्याची ही खूण. मुलीच्या नावापुढे वडिलांचे अक्षर असते आणि लग्नानंतर बहुधा तिथे नवऱ्याचे येते. तेवढ्यापुरती गोष्ट आपल्यासारखीच.

धारावीत तिरुनेलवेलीकडून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. तिथल्या शाळेत नाव घालताना गुरुजी अर्जातली आडनावाची जागा रिकामी कशी ठेवणार? मग वडिलांचे नाव तिथे जाते. वडिलांच्या स्वतःच्या कागदावर त्या जागी आजोबांचे नाव असते. बापलेकांची 'आडनावे' निराळी पाहून कारकून चक्रावतो, पण त्यात खोटे काही नसते बरं का.

कुणी म्हणेल, "अहो, पण आमच्या ओळखीचे अय्यर आहेत, मुदलियार आहेत." असतील. मुंबईत माटुंग्याला अशी नावे भेटतात. शंभर वर्षांपूर्वी खुद्द तमिळ मुलखातही नावामागे शेपूट असेच: अय्यर, अय्यंगार, पिळ्ळै, मुदलियार, चेट्टियार, नाडर, गवुंडर, तेवर. ही सारी जातीची बिरुदे. ती गळाली कशी, ही ऐकण्यासारखी हकीकत आहे.

ई. व्ही. रामसामी, ज्यांना लोक पुढे 'पेरियार' म्हणजे थोर पुरुष म्हणू लागले, त्यांनी 1925 मध्ये स्वाभिमान चळवळ सुरू केली. 1929 च्या फेब्रुवारीत चेंगलपट्टूला तिची पहिली प्रांतिक परिषद भरली. जातिवाचक बिरुदे नावातून टाकून द्यावीत, असा ठराव तिथे झाला. पेरियार स्वतः नायकर. त्यांनी ते 'नायकर' सोडले, आणि पाठोपाठ कितीतरी जणांनी आपापले बिरुद सोडले. सक्तीचा कायदा नव्हता, दंड नव्हता. मुलाचे नाव शाळेत घालताना बापाने मागचा शब्द सांगितला नाही, एवढेच. एका पिढीत पुष्कळ घरांतून तो शब्द गेला. बाहेरची वर्तमानपत्रे 'कामराज नाडर' छापीत राहिली तरी तमिळ माणसाला ते के. कामराजच होते. मागे मोकळी झालेली जागा लोकांनी हौसेने पदवीने भरली. लग्नपत्रिकेवर नावामागे बी. ए., बी. ई. छापायची रीत तिथे आजही आहे.

नावे स्वतःही बदलली. 1916 च्या सुमारास शुद्ध तमिळची चळवळ उभी राहिली. तिचे पुढारी वेदाचलम यांनी आपल्या नावाचे भाषांतर करून ते 'मरैमलै' केले: मरै म्हणजे वेद आणि मलै म्हणजे डोंगर. करुणानिधींनी तर 1953 मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव स्टॅलिन ठेवले.

यात आपल्या शिवाजी महाराजांचाही संबंध येतो. 1940 च्या दशकात सी. एन. अण्णादुरै यांनी महाराजांच्या राज्याभिषेकावर नाटक लिहिले. शूद्र ठरवून ज्याला अभिषेक नाकारला जातो असा पराक्रमी राजा, हा त्याचा विषय. गागाभट्टाची भूमिका अण्णादुरैंनी स्वतः केली. महाराजांचे काम व्ही. सी. गणेशन नावाच्या तरुण नटाने असे केले, की पेरियारांनी त्याला 'शिवाजी' हेच नाव दिले. हेच पुढे पडदा गाजवणारे शिवाजी गणेशन. नंतर बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड तमिळ सिनेमात आला, तर तिथे एक शिवाजी आधीच होता! म्हणून 1975 मध्ये तो रजनीकांत झाला.

आता दुसरी बाजू. नावातून जात गेली म्हणून मनातून गेली का? तसे झाले नाही. "उंग सोंद ऊर एदु?" म्हणजे "तुमचे मूळ गाव कोणते?" असा साधा प्रश्न येतो. मग कोणती गल्ली, कुलदैवत कोणते, असे करीत विचारणारा हवे तिथे पोचतो. सिनेमाच्या नावांतही जात राहिली. 1992 चा 'तेवर मगन', म्हणजे तेवराचा मुलगा, हा अतिशय गाजलेला चित्रपट. 2016 मध्ये उडुमलैपेट्टैला बसस्थानकाजवळ, भर दिवसा, एका दलित तरुणाचा खून झाला. त्याने वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केले होते. त्या दोघांच्या नावांपुढे फक्त एकेक अक्षर होते.

शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट तर शाळेतलीच. तमिळनाडूच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांत मुले मनगटात रंगीत दोरे बांधून येऊ लागली. अमुक रंग अमुक जातीचा. पणजोबांनी नावातून काढून टाकलेली खूण पणतवाने हातात बांधली! 2023 च्या ऑगस्टमध्ये नांगुनेरीला बारावीतल्या एका दलित मुलावर शाळेतल्याच मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. वाचवायला धावलेली त्याची बहीणही जखमी झाली. मग सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. जून 2024 मध्ये तिचा अहवाल आला. मनगटातले दोरे बंद करावेत, शाळांच्या नावांतले जातिवाचक शब्द काढावेत, वर्गात मुलांना अक्षरांच्या क्रमाने बसवावे, आणि हजेरीपटावर जातीचा उल्लेख नसावा, अशा त्यात शिफारशी आहेत.