बहुखेळाडू संगणकीय खेळातील काठिण्यपातळी आणि खेळाडूंचा प्रतिसाद

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीचा अद्भुतरम्य खेळ २००४ पासून इंटरनेटवर खेळला जातो. त्यातील भुयारी मोहिमेत पाच खेळाडू असतात. एक शत्रूचे घाव अंगावर झेलतो, एक जखमा भरून काढतो व उरलेले तिघे प्रहार करतात. २००८ च्या विस्तारित आवृत्तीत या मोहिमा बऱ्याच सोप्या होत्या. शिवाय डिसेंबर २००९ पासून अनोळखी खेळाडूंचा गट संगणकच जुळवून देऊ लागला. परस्परांशी न बोलताही मोहीम फत्ते होई.

डिसेंबर २०१० मधील 'कॅटॅक्लिझम' आवृत्तीत मोहिमा हेतुपुरस्सर कठीण करण्यात आल्या. उपचारकाला आपली शक्ती जपून वापरावी लागे. मुरलेल्या संघांना हे आव्हान रुचले. अनोळखींच्या गटात मात्र एकाच्या चुकीने सारे मरत आणि खापर बहुधा उपचारकाच्या माथी फुटे. वास्तविक काठिण्य दोघांना सारखेच होते. संवादाची सोय तेवढी सारखी नव्हती. जानेवारी २०११ मध्ये रचनाकार ग्रेग स्ट्रीट यांनी लेख लिहून या काठिण्याचे समर्थन केले, तरी पुढे मोहिमा सौम्य कराव्या लागल्याच. ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख असलेले वर्गणीदार वर्षभरात सुमारे १ कोटी ३ लाखांवर आले. या घटीचे कारण केवळ काठिण्य होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. नोव्हेंबर २०११ मध्ये मोठ्या सामूहिक मोहिमांसाठीही अनोळखींना झेपेल अशी स्वतंत्र सोपी पातळी कंपनीने उपलब्ध करून दिली.