घोडेगावच्या पलीकडचं पोर आणि समुपदेशकाची खुर्ची

कसबा पेठेत वाढणाऱ्या मुलाला आपण कोण हे कुणी शिकवावं लागत नाही. ग्रामदैवताचं देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर असतं. तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा या नावांतच इथल्या पूर्वजांचे धंदे आहेत. अनंत चतुर्दशीला मानाच्या पहिल्या गणपतीची पालखी निघते तेव्हा अख्खी पेठ रस्त्यावर येते. पोर रुसलं, घाबरलं, नापास झालं, तर आजी असते, वाड्यातली कुणी काकू असते. आता हेच पोर सहाव्या वर्षी अशा वसतिगृहात नेऊन ठेवलं, जिथं त्याच्या देवाचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्यानं तोंड उघडलं की वर्ग हसतो आणि आई भेटायची तर दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहावी लागते, तर त्याचं काय होईल?

हा प्रश्न पुण्यापासून फार दूरचा नाही. ६०-७० किलोमीटरवर घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरांतली महादेव कोळी, ठाकर, कातकरी मुलं त्याच्या आश्रमशाळांत पहिलीपासून राहायला येतात. १९२२ साली ठक्करबाप्पांनी पंचमहालात भिल्ल सेवा मंडळ काढलं तेव्हापासून ही कल्पना रुजत गेली. आज महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. त्यांनी पहिल्या पिढीला अक्षर दिलं, जेवण दिलं, नोकरीची वाट दाखवली, हे ऋण मोठं आहे. पण घर आणि शाळा यांच्यामधला धागा तिथं सहाव्या वर्षीच तुटतो, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

तो तुटला की मूल ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, डोकं दुखतं. रात्री अंथरूण ओलं होतं. एखादी मुलगी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडते आणि पाठोपाठ आणखी चार पडतात. कुणाच्या ‘अंगात येतं’. कुणी भिंत ओलांडून घरच्या वाटेला लागतो. अधीक्षकांच्या वहीत याची नोंद ‘आजारी’ किंवा ‘पळून गेला’ एवढीच होते. सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण, काठी गावच्या राजवाडी होळीला डोंगरचे डोंगर लोटतात. त्या दिवसांत घरी गेलेलं पोर शाळेच्या हजेरीपटावर मात्र गैरहजर असतं. आपल्या माणसांत जाऊन नाचणं ही त्या मुलाच्या मनाची गरज आहे, असं कुठल्याच रकान्यात लिहिता येत नाही.

डॉ. सुभाष साळुंखे समितीनं २०१६ मध्ये आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अहवाल दिला. सुमारे १५ वर्षांत हजाराहून अधिक मुलं दगावल्याचं त्यातून पुढे आलं. ताप, सर्पदंश, बुडून मृत्यू अशी कारणं होती, आणि आत्महत्याही होत्या. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं २०१८ च्या अहवालात आदिवासींच्या आरोग्याचे दहा विशेष प्रश्न मांडले. त्यांत व्यसन आणि मानसिक आरोग्य हा एक, आश्रमशाळांतल्या मुलांचं आरोग्य हा दुसरा. माझ्या मते हे दोन प्रश्न एकाच मुलाच्या अंगावर येतात, म्हणून ते एकत्रच वाचायला हवेत.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे समुपदेशक नेमणं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक ठेवायला सांगितलं. वंचित समाजांतल्या मुलांशी संवेदनशीलतेनं वागण्याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्या, असंही बजावलं. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथं मराठीत बोलता येतं. हे सगळं हवंच. पण कातकरी, पावरी किंवा माडिया बोलणारं आठ वर्षांचं पोर परक्या सरांसमोर खुर्चीत बसून, पुस्तकी मराठीत, बाप दारू पिऊन आईला मारतो हे सांगेल का? ते मान खाली घालून ‘हो सर’ म्हणेल, आणि फॉर्मवर ‘समस्या नाही’ असं लिहिलं जाईल.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. तिथल्या आदिवासींत तरुणांच्या आत्महत्या भयंकर वाढल्याचं सर्वजण सांगत होते. या दोघांनी एकेका समूहाकडे वेगळं पाहिलं, तर निम्म्याहून अधिक समूहांत पाच-सहा वर्षांत एकही तरुण आत्महत्या नव्हती. जिथं जमिनीचा हक्क, शाळा, आरोग्यसेवा, सांस्कृतिक वास्तू यांचा कारभार लोकांच्या हाती होता, तिथं मुलं जगत होती. २००७ च्या पुढच्या अभ्यासात भाषेचं दिसलं: बहुसंख्य लोक आपली भाषा बोलतात तिथं हे प्रमाण अगदी कमी. म्हणजे मुलाच्या मनाला आधार देणाऱ्या गोष्टींत ग्रामसभाही येते, वनहक्काचा दावाही येतो.

महाराष्ट्राला हे नवं वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी बालवाडी थेट अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात भरवली. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं दवाखान्याचं नाव लोकांना विचारून माँ दंतेश्वरी ठेवलं आणि त्याची रचना आदिवासी गावासारखी केली, कारण मोठ्या पांढऱ्या इमारतीत पाऊल टाकायला माणसं बिचकत होती. नर्मदेकाठच्या जीवनशाळांत पहिले धडे मुलांच्या बोलीत दिले गेले. गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवल्यावर वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. मुलांची भाषा सांभाळणाऱ्या गावाला कोर्टाची पायरी चढावी लागते, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

मग अंगात आलं की बोलावल्या जाणाऱ्या भगताचं काय, हा प्रश्न पुण्यात हमखास येतो, आणि तो यावाच. कसब्यापासून जवळच असलेल्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा आश्रमशाळेलाही लागू आहे. अंगात आलेल्या मुलीला चटके देणारा, मारणारा, डॉक्टरकडे जाऊ नका म्हणणारा माणूस गुन्हेगारच. पण झाडपाला जाणणारी, गाणी म्हणणारी, पाड्यावरच्या चार भांडणांत समेट घडवणारी वडीलधारी माणसंही तिथं आहेत. त्यांना महिन्यातून एक संध्याकाळ वसतिगृहात बोलवायला कायदा आडवा येत नाही. फिट येणाऱ्या मुलाला गोळी डॉक्टरनं द्यावी, आणि ती रोज घ्यायची असते हे त्याच्या आजीनं त्याच्या बोलीत सांगावं.

पुण्याच्या हातात बरंच आहे. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून याच शहरात, क्वीन्स गार्डनमध्ये आहे. मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी इथल्या महाविद्यालयांतून बाहेर पडतात; त्यांच्या प्रात्यक्षिकाचं एक सत्र घोडेगावच्या परिसरात होऊ शकतं. त्याआधी त्यांनी संस्थेत बसून तिथली बोली, सण, नात्यांची रीत शिकावी. आश्रमशाळेतून शिकून वर आलेली मुलं-मुली आज शिक्षक, नर्स, आशा ताई म्हणून डोंगरातच काम करतात. समुपदेशनाचं मूलभूत प्रशिक्षण आधी त्यांना द्यावं, शहरातला तज्ज्ञ त्यांच्या पाठीशी फोनवर आणि महिन्याच्या भेटीला असावा. शाळेच्या सुट्ट्या ठरवताना वाघबारस आणि होळी धरावी. पालकांना मुलाशी बोलता यावं म्हणून वसतिगृहात फोनची ठरावीक वेळ असावी. आणि समुपदेशकाच्या पदाची जाहिरात निघेल तेव्हा पात्रतेच्या अटींत पदवीच्या शेजारी आणखी एक ओळ छापावी: उमेदवाराला या प्रकल्पातल्या मुलांची एक तरी बोली बोलता आली पाहिजे.