तेरा रुपये, पाच आणे, चार पै

डब्लिनच्या दक्षिणेला, लुआस ट्रामच्या हिरव्या मार्गावर सँडीफोर्ड लागते. इथल्या कचेऱ्यांत मराठी माणूस भेटला की हवामानानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: “आज युरो कितीला?” याच सँडीफोर्डमध्ये आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे चलन केंद्र, म्हणजे देशाची टांकसाळ आहे. तरीही पैशाच्या दराबद्दल इथल्या गप्पांत जितक्या खात्रीने बोलले जाते, तितके त्यातले सगळे खरे नसते.

गैरसमज: टांकसाळ सँडीफोर्डला, म्हणजे नाण्याचा भावही इथेच ठरतो.

वस्तुस्थिती: इथे नाणी पाडली जातात, भाव ठरत नाही. वर्षाला किती मूल्याची नाणी काढायची, यालाही फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेची मंजुरी लागते. युरोचा दर बाजारात ठरतो. आयरिश युरो नाण्याच्या एका बाजूला वीणा आहे. किंमत मात्र जर्मन किंवा ग्रीक नाण्याइतकीच.

गैरसमज: युरो येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये इंग्लंडचाच पौंड चालायचा.

वस्तुस्थिती: अर्धे खरे. 1826 पूर्वी आयर्लंडचा हिशेब वेगळा होता. इंग्लंडचे 12 पौंड म्हणजे आयर्लंडचे 13. 1826 मध्ये तो बंद होऊन इंग्रजी चलन लागू झाले. स्वातंत्र्यानंतर 1927 च्या कायद्याने आयर्लंडने स्वतःचा पौंड आणला आणि 1928 मध्ये नोटा-नाणी बाजारात आली. नाण्यांवर घोडा, बैल, कोंबडी, सामन मासा अशी चित्रे होती. निवड समितीचे अध्यक्ष होते कवी डब्ल्यू. बी. येट्स. दर मात्र इंग्रजी पौंडाशी एकास एक बांधलेला. ही गाठ 30 मार्च 1979 ला सुटली. आयर्लंड नुकताच युरोपीय चलन व्यवस्थेत सामील झाला होता, ब्रिटन तिच्या विनिमय-बंधनाबाहेर राहिला होता, आणि वधारलेल्या स्टर्लिंगबरोबर राहिले असते तर ते बंधन मोडले असते.

गैरसमज: लहान देशाचे चलन शेजारच्या मोठ्या देशाच्या खालीच राहणार.

वस्तुस्थिती: 1979 नंतर आयरिश पौंड बराच काळ स्टर्लिंगच्या खाली होता, हे खरे. पण मधल्या काळात त्या विनिमय-बंधनात सामील झालेला ब्रिटन 16 सप्टेंबर 1992 ला त्यातून बाहेर पडला, स्टर्लिंग कोसळले आणि आयरिश पौंड त्याच्या वर गेला. यात आनंदापेक्षा चिंता जास्त होती. ब्रिटनला माल विकणाऱ्यांचे दर एका झटक्यात महागले. अखेर 30 जानेवारी 1993 ला आयर्लंडने आपल्या पौंडाचे 10 टक्के अवमूल्यन केले. वरचा आकडा प्रत्येक वेळी सुखाचा नसतो.

गैरसमज: 1947 मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता.

वस्तुस्थिती: दर 15 ऑगस्टला फोनवर फिरणारी ही लोणकढी थाप. 1927 पासून रुपयाचा अधिकृत दर होता 1 शिलिंग 6 पेन्स. पौंडाचे 240 पेन्स, म्हणून एक पौंड 13 रुपये 5 आणे 4 पैला. स्वातंत्र्याच्या वेळी डॉलर साधारण 3 रुपये 30 पैशांना पडे.

गंमत अशी, की आयरिश पौंडही स्टर्लिंगला बांधलेला होता. त्यामुळे 1928 ते 1966 अशी 38 वर्षे आयरिश पौंड आणि रुपया यांचा दर तसूभरही हलला नाही. एकाच खुंट्याला बांधलेल्या दोन जनावरांमधले अंतर बदलत नाही, तसेच हे. 1949 मध्ये स्टर्लिंग डॉलरपुढे उतरले, तेव्हा दोघेही सोबतच उतरले.

गैरसमज: रुपया जन्मभर घसरतच आला.

वस्तुस्थिती: 6 जून 1966 च्या अवमूल्यनाने पौंड 21 रुपयांवर गेला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1967 मध्ये, स्टर्लिंगचे अवमूल्यन झाले. आयर्लंड त्याच्यामागे गेला, भारत गेला नाही. पौंड 18 रुपयांवर आला. युरोचेही तसेच. 1999 च्या सुरुवातीला तो साधारण 50 रुपयांना होता, पण 2000 च्या ऑक्टोबरमध्ये 40 च्या आत आला. एकूण कल घसरणीचा खरा, पण वाटेत चढ-उतार आहेत.

गैरसमज: घरमालकाच्या खणात सापडलेली जुनी आयरिश नोट म्हणजे रद्दी.

वस्तुस्थिती: आयरिश पौंड 9 फेब्रुवारी 2002 नंतर दुकानात चालेनासा झाला, पण मध्यवर्ती बँक तो अजून बदलून देते. दर कायमचा गोठवलेला आहे: 1 युरो म्हणजे 0.787564 आयरिश पौंड. 20 पौंडांच्या नोटेचे 25 युरो 39 सेंट येतात.

गैरसमज: युरो शंभरीपार गेला, आता घरी पैसे पाठवले की चांदी.

वस्तुस्थिती: 2025 मध्ये युरोने 100 रुपयांचा टप्पा ओलांडला, म्हणजे 1999 च्या दुप्पट झाला. पण त्या काळात भारतातली महागाई चौपटीहून अधिक वाढली. म्हणजे 1999 मध्ये एका युरोत पुण्याच्या मंडईत जेवढी पिशवी भरे, तेवढी आज शंभर रुपयांत भरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मधल्या रुपयावरच्या ग्रंथात हाच मुद्दा धरून लावला होता: परदेशी चलनाशी दर स्थिर आहे का, यापेक्षा रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर आहे का, हे पाहा.

तेव्हा ट्राममध्ये कुणी “युरो कितीला?” विचारले, तर दर जरूर सांगावा. पण घरी फोन लावल्यावर तूरडाळ कितीला, हेही विचारून घ्यावे.