क्षतिग्रस्त केसांसाठी योग्य घटकांची निवड

प्रस्तावना

‘केसांची दुरुस्ती’ हे शब्द आज शाम्पू, कंडिशनर व तेलांच्या अनेक वेष्टनांवर आढळतात. विद्यार्थिनी त्यांवर विसंबून पैसे खर्च करतात आणि काही जणी यांत्रिक व रासायनिक उपचारांनी केस अधिकच खराब करून घेतात. रसायनशास्त्र, गृहविज्ञान व सौंदर्यप्रसाधन हे विषय शिकविणाऱ्या शिक्षकांना या दाव्यांची पारख वर्गात करून देता यावी, या हेतूने प्रस्तुत लेखात प्रमुख घटकांचे कार्य स्पष्ट केले आहे.

केसांची हानी कशी होते?

त्वचेवरील जखम भरून येते, कारण तेथील पेशी जिवंत असतात. डोक्याबाहेर आलेला केस मात्र केरॅटिन या प्रथिनाचा मृत तंतू असतो. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे अडीच वर्षांचे असते. तेवढ्या काळातील धुणे, विंचरणे, ऊन व उष्णता यांचा परिणाम त्यावर साठलेला असतो.

केसाच्या बाहेरील खवल्यांवर १८-मिथाइल आयकोसॅनॉइक आम्लाचा पाणी दूर ठेवणारा पातळ थर असतो. ब्लीचिंगमध्ये अल्कली व हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे हा थर निघून जातो. केरॅटिनमधील गंधकाचे बंध तुटून सिस्टेइक आम्ल तयार होते व केसावरील ऋण विद्युतभार वाढतो. असा केस पाणी लवकर शोषतो, गुंततो व तुटतो.

घटक व त्यांचे कार्य

१) धनभारित घटक : सेट्रिमोनियम क्लोराइड, बेहेनट्रिमोनियम क्लोराइड इत्यादी. विरुद्ध भार एकमेकांस आकर्षित करीत असल्याने हे घटक जेथे हानी जास्त तेथे अधिक चिकटतात. कंडिशनरचा मुख्य गुण यांतच असतो.

२) सिलिकोन : डायमेथिकोन केसावर पातळ आवरण तयार करते. त्यामुळे घर्षण कमी होते व चमक येते. ते केसाच्या आत जाऊन काही दुरुस्त करीत नाही.

३) तेले : मुंबईच्या मारिको कंपनीच्या संशोधन विभागातील रेळे व मोहिले यांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल व खोबरेल तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातील प्रथिनांचा ऱ्हास फक्त खोबरेल तेलाने लक्षणीयरीत्या कमी झाला. त्यातील लॉरिक आम्लाची शृंखला सरळ व आखूड असल्याने ते केसात शिरते. हे संशोधन खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीचे आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. तेल न्हाण्यापूर्वी लावण्याच्या आपल्याकडील जुन्या पद्धतीला या अभ्यासाने आधार मिळतो.

४) प्रथिने व आर्द्रताधारक : विघटित केरॅटिन किंवा गव्हाच्या प्रथिनांचे लहान तुकडे केसात काही प्रमाणात शिरतात, मोठे तुकडे पृष्ठभागावर राहतात. ग्लिसरीन व पॅन्थेनॉल आर्द्रता धरून ठेवतात. हा परिणाम तात्पुरता असतो.

वेष्टन कसे वाचावे?

भारतातील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्याखालील घटक कोणत्याही क्रमाने देता येतात. म्हणून समोर मोठ्या अक्षरांत ‘केरॅटिन’ लिहिले असले, तरी यादीच्या शेवटी त्याचे नाव आल्यास त्याचे प्रमाण अत्यल्प असू शकते. विद्यार्थ्यांना घरून रिकामी वेष्टने आणावयास सांगून घटकांची वरील चार गटांत विभागणी करून घ्यावी.

दक्षता

केस सरळ करणाऱ्या काही ‘केरॅटिन’ उपचारांत उष्णतेमुळे फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो मानवात कर्करोगकारक ठरविला. त्याऐवजी वापरलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडास इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. ब्यूटी पार्लरमध्ये काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनी असा वायू रोज श्वासावाटे घेतील, म्हणून ही माहिती त्यांना आवर्जून द्यावी.

समारोप

सारांश, झालेली हानी भरून येत नाही. ती झाकता येते आणि पुढील हानी टाळता येते. न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल, सौम्य शाम्पू, नंतर धनभारित कंडिशनर आणि उष्णता व ब्लीच यांचा कमीत कमी वापर हा क्रम बहुतेकांना पुरेसा आहे. यापलीकडील दाव्याबाबत ‘हा घटक नेमके काय करतो?’ हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी.