शिडी कोणी धरली?

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही तर घरोघरी रोजच्या वापरातली. आणि कोणी आपली पायरी सोडून वर पाहू लागला, की ‘कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी’ असे म्हणून त्याला जमिनीवर आणायला शेजारीपाजारी टपलेलेच असतात. वरच्याने वर राहावे आणि खालच्याने खाली, हे सांगायला मराठीत म्हणींचा तुटवडा नाही. खालच्याने वर कसे यावे हे सांगणारी म्हण मात्र आठवायला बसले तर बराच वेळ जातो. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ आहे खरी. पण तिच्यात परमेश्वर भेटण्याचे आश्वासन आहे, नोकरी मिळण्याचे नाही!

याचे कारण उघड आहे. या म्हणी ज्या गावगाड्यात रुळल्या, त्यात माणसाची जागा जन्मानेच ठरलेली असे. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार, पाटलाचा पाटील. बलुते मिळायचे ते पिढीजात हक्काने; आणि त्या हक्काबरोबर पिढीजात हलकेपणाही मिळायचा. एखादे वर्ष पीक चांगले आले तर घरात दोन दाणे अधिक येत, पण त्यामुळे बसण्याची पंगत बदलत नसे.

हा गाडा मोडून बाहेर पडलेल्यांची नातवंडे आज शहरांत ब्लॉक घेऊन राहत आहेत. आजोबा खेड्यात जन्मले, वडील कचेरीत लागले, मुलगा इंजिनिअर झाला, नात परदेशी शिकते आहे, अशी तीन-चार पिढ्यांची कथा पांढरपेशा घरांतून अभिमानाने सांगितली जाते. ती अभिमानाने सांगावी अशीच असते. परंतु तिचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो: ‘सगळे स्वतःच्या हिमतीवर केले हो!’ हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. हिंमत त्यांची होतीच. पण अशा कथा थोड्या खोल खणल्या, की तळाशी बहुधा दोन साध्या गोष्टी सापडतात: कोणाच्या तरी घरचे जेवण आणि रात्री पाठ टेकायला कोणी तरी दिलेली जागा. बुद्धी गरिबाच्या घरीही जन्माला येते. पण तिला शहरातल्या शाळेपर्यंत न्यायचे तर आधी तिच्या पोटाची सोय लागते.

पुण्याचेच उदाहरण घ्या. कोकणातून, देशावरून आलेली गरीब मुले येथे वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा सात घरांचा आठवडा. ज्यांना सात वार मिळत नसत ते माधुकरी मागत. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, ते अशाच निराधार मुलांसाठी. या जेवणाला अपमानाची फोडणी असे, हे ती जेवलेल्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तरीही त्या पानावरून उठून माणसे वकील झाली, प्राध्यापक झाली, मामलेदार झाली.

मात्र येथेच एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वाराची ही सोय मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलाला होती. कुणब्याच्या, न्हाव्याच्या किंवा महाराच्या मुलाला त्या माजघरात पान मिळणे शक्यच नव्हते. म्हणजे गरिबी दोघांचीही सारखी, पण शिडी एकालाच. दुसऱ्याला शिडीच नव्हती. आणि तो चढला नाही म्हणून त्याला बुद्धी नाही, असा निष्कर्ष मात्र लोक बिनदिक्कत काढीत.

हा निष्कर्ष किती पोकळ होता हे कोल्हापूरने दाखवून दिले. १८९४ साली राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा कोल्हापूर दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे आपण सारे जाणतो. पण त्याच्या वर्षभर आधीच, १९०१ साली, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवले होते, ते कमी जणांच्या लक्षात असते. नोकरीत जागा राखून ठेवायची, तर त्या जागेवर बसण्याइतका शिकलेला मुलगा आधी तयार झाला पाहिजे. आणि खेड्यातला मुलगा शिकायचा, तर तो कोल्हापुरात जेवणार कोठे आणि झोपणार कोठे? महाराजांनी प्रश्नाचे हे मूळच पकडले. पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, नाभिक, शिंपी अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. हुकूम, शाळा आणि जेवण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा कोठे शिडी उभी राहिली.

याच मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर ‘आंघोळ करून मगच आत ये’ असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला, आणि बोर्डिंगचे दार त्याला बंद झाले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. डोक्यावरचे छप्पर जाणे म्हणजे काय, हे ज्याने विद्यार्थिदशेत अनुभवले, त्याच माणसाने पुढे हजारो मुलांच्या डोक्यावर छप्पर घातले. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली सातारला वसतिगृह काढले. तेथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत व एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळाले. मुलांनी श्रम करावेत व शिकावे, ही ‘कमवा आणि शिका’ योजना तर महाराष्ट्रभर पसरली. भाऊरावांचे नाव कर्मवीर म्हणून सर्वतोमुखी आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचीही आठवण ठेवली पाहिजे. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी या बाईंनी आपले दागिने दिले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. स्वतःच्या हिमतीवर वर आलेल्या सातारकडच्या कित्येक घरांच्या पायात ते मंगळसूत्र पुरलेले आहे.

आता याच कथेची दुसरी बाजूही पाहू. शिडी मिळाली, माणूस चढला, तरी वरच्या मजल्यावरचे लोक त्याला घरात घेतातच असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कृष्णाजी अर्जुन केळुसकरांसारखा जाणता मार्गदर्शक लाभला, आणि त्यांच्यामुळे सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे बडोदे संस्थानच्याच मदतीने ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे व लंडनमध्ये शिकून १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला शहरात राहायला खोली मिळेना! नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पदवी होती, हुद्दा होता, पगारही होता; नव्हती ती पाठ टेकायला जागा. पैसा, विद्या आणि मान या तीन गोष्टी एकाच शिडीवर नसतात. पहिल्या दोन चढता येतात. तिसरीचा दरवाजा आतून उघडावा लागतो. बाबासाहेबांनी पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाची उभारणी सुरू केली. स्वतः चढून गेल्यावर त्यांनी शिडी वर ओढून घेतली नाही. आणखी दोन खाली सोडल्या.

मराठी मध्यमवर्ग आज जो एवढा रुंद झालेला दिसतो, तो अशा शिड्यांमुळे. त्यात पुढे सरकारची भर पडली. १९५९ साली कमी उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फी माफ झाली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे त्या पिढीतल्या लाखो घरांना परिचयाची होती. जे चढले त्यांच्या बुद्धीत १९५८च्या तुलनेत १९६०मध्ये काही एकाएकी वाढ झाली नव्हती.

आणि जिन्यावरून माणूस वर जातो तसा खालीही येतो, हेही विसरून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. पगारी, कायम नोकरीतला साचेवाला हातगाडीवर आला, रखवालदार झाला किंवा गावी परतला. त्याने काही आळस केला नव्हता. पायाखालची पायरीच कोणी काढून घेतली, तर हिंमत काय करणार?

आज काय स्थिती आहे? २०१८ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने एक हिशेब मांडला. सर्वांत गरीब दहा टक्क्यांतील कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात, भारतात सात. जागतिक आर्थिक मंचाने २०२० साली ८२ देशांची सामाजिक चढउताराच्या दृष्टीने क्रमवारी लावली, तीत भारत ७६वा आला. सात पिढ्या म्हणजे खापरपणजोबाच्याही मागे जावे लागले! तेवढा धीर कोणत्या गरिबाने धरावा?

पुण्याच्या पेठांत आजही खेड्यातली मुले येतात. माधुकरीची झोळी गेली. तिच्या जागी मेसचे कार्ड आले. खोली नव्हे, ‘कॉट बेसिस’वर एक कॉट भाड्याने मिळते. बापाने पाठवलेले पैसे महिनाअखेरीला संपले, की स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा दोन वेळच्या मेसची एक वेळ करतो आणि अभ्यासिकेत पाणी पिऊन बसतो. सरकारी वसतिगृहे आहेत. पण त्यांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारला ‘स्वाधार’ नावाची वेगळी योजना काढावी लागली, यावरूनच जागा किती अपुऱ्या पडतात ते कळते. १९५५ साली सुरू झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था गावाकडच्या मुलामुलींना अजून आसरा देतात. पण प्रश्न संस्थांचा एकट्यांचा नाही.

प्रश्न आपला आहे. चढून आलेली माणसे आपण. आपल्या सोसायटीत खोली भाड्याने देताना आपण आधी आडनाव विचारतो की नाही? कामवाल्या बाईंची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, तर आपण पेढा घेतो, ‘शाब्बास’ म्हणतो. पण पुढे ती कोठे शिकणार आणि राहणार कोठे, हे विचारतो का? मुलाखतीला आलेल्या मुलाच्या तोंडी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आले, की त्याची बुद्धी आपण तेथेच मोजून टाकतो. मराठी शिकवणाऱ्याने तरी हे स्वच्छ सांगितले पाहिजे, की ‘न’ आणि ‘ण’ यांच्यातले अंतर जिभेचे आहे, अकलेचे नव्हे.

या दिवाळीत फराळाला सारे जमतील. वडीलधाऱ्यांपैकी कोणी असतील, तर त्यांना एवढे विचारा: शिकत असताना तुम्ही जेवत होता कोठे? एखाद्या काकूचे, एखाद्या मास्तरांचे, एखाद्या बोर्डिंगचे नाव निघेल. मुलांना ते ऐकू द्या. आणि मग फटाक्यांचा, मिठाईचा हिशेब करताना त्यात आणखी एक रकमेची ओळ घाला: आपल्या गावात शिकायला आलेल्या एका परक्या मुलाच्या किंवा मुलीच्या मेसचा एक महिना. उपकार म्हणून नव्हे. आपल्या घरावर असलेले ते जुने देणे आहे.