अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याआधी



यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाच्या बरोबरीने एका विषयावर गप्पा रंगल्या, तो म्हणजे हळदीच्या गोळ्या! कोण कुठली घेते, कुणाचे गुडघे किती सुधारले, कुठल्या दुकानात एकावर एक फुकट मिळते वगैरे. त्याच वेळी आपल्या एका सभासदांच्या घरी काय घडले होते ते बहुतेकांना ठाऊक नव्हते. त्यांच्या परवानगीने, नावगाव न देता, ते इथे सांगत आहोत. हा लेख लिहायचे कारणही तेच.

या सभासदांच्या मातोश्री सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. इथल्या घरांतले जिने चढउतार करून काकूंचे गुडघे दुखू लागले. मुलाने मोठ्या प्रेमाने हळदीच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. रोज दोन. दोनेक महिन्यांनी काकूंची भूक गेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद होऊ लागली आणि एके दिवशी नातीच्या लक्षात आले की आजीचे डोळे पिवळे दिसताहेत. तपासण्या झाल्या. लिव्हरचे आकडे फार वाढलेले, पण कावीळ करणारे विषाणू कुठेच सापडेनात. डॉक्टरांनी दोनदा विचारले, "आणखी काही औषध घेता का?" काकूंनी दोन्ही वेळा ब्लडप्रेशरची एक गोळी तेवढी सांगितली. तिसऱ्या खेपेला सुनेला ती बाटली आठवली. काकूंचे म्हणणे एकच, "अगं, ते औषध कुठे आहे? हळद आहे ती!"

कॅप्सूल बंद केल्यावर काही आठवड्यांत काकू बऱ्या झाल्या. पण हा प्रश्न आम्हा समितीतल्या मंडळींच्या मनात घर करून राहिला. जी हळद आपण जन्मभर खातो, ती अशी कशी वागली? समितीतल्या दोन डॉक्टर सभासदांना मध्ये घेऊन आम्ही थोडे वाचन केले, हिशेब मांडला आणि चक्रावून गेलो.

हिशेब असा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हे मुख्य द्रव्य साधारण शंभरात तीन भाग असते. चमचाभर हळद म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. चार माणसांच्या आमटीत आपण पाव ते अर्धा चमचा घालतो, म्हणजे एकेकाच्या वाट्याला अगदीच थोडे येते. आता कॅप्सूलचे लेबल पाहा. अनेकांवर '५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के' असे लिहिलेले असते. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये जवळजवळ पाच चमचे हळदीचा अर्क! काकू रोज दोन घेत होत्या. दहा चमचे हळद घातलेली आमटी कुणी आपल्यापुढे ठेवली तर आपण पानावरून उठू, पण कॅप्सूल पाण्याबरोबर सहज उतरते.

शिवाय कर्क्युमिन शरीरात मुरत नाही, बरेचसे तसेच बाहेर पडते. १९९८ साली बंगलोरच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातील पायपरिन सोबत दिले तर माणसाच्या रक्तात ते सुमारे वीसपट जास्त उतरते. तेव्हापासून अनेक कंपन्या कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालू लागल्या आणि लेबलवर तो गुण म्हणून मिरवू लागल्या. आपली आजी दुधात हळदीबरोबर चिमूटभर मिरपूड घाले ती गोष्ट वेगळी. आपल्या लिव्हरला पिढ्यानपिढ्या जी सवय आहे ती फोडणीतल्या हळदीची. हा तर नवाच पाहुणा झाला.

काकूंची कथा एकटीदुकटी नाही. औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या दुखापतींची नोंद ठेवणारे संशोधकांचे एक जाळे अमेरिकेत २००४ पासून काम करते. २०२२ मध्ये त्यांनी हळदीच्या सप्लिमेंटमुळे झालेल्या १० जणांच्या केसेस प्रसिद्ध केल्या. दहाही २०११ पासूनच्या. पाच जणांना इस्पितळात ठेवावे लागले, त्यांतली एक व्यक्ती दगावली. तपासलेल्या उत्पादनांपैकी तीनमध्ये मिऱ्याचे पायपरिन सापडले. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती, म्हणजे काहींचा पिंडच असा की त्यांना हे सोसत नाही. आपल्यात ती आहे की नाही हे घेण्याआधी कुणालाच माहीत नसते. लाखो लोक घेतात त्या मानाने दहा आकडा लहान आहे, हे खरे. पण हे जाळे देशातल्या मोजक्या इस्पितळांपुरतेच आहे, आणि आपल्या काकूंसारखे किती जण "ते औषध कुठे आहे" म्हणून गप्प बसले असतील!

मग हळदीत गुण नाहीच का? तसे मुळीच नाही. २०१४ साली थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर चार आठवडे चाचणी झाली, तीत हळदीच्या अर्काने आयबुप्रोफेनइतकाच आराम पडला. म्हणजे काकूंच्या मुलाचे अगदीच चुकले नव्हते. पण चार आठवडे आणि सहा महिने यांत फरक आहे, आणि गुडघा म्हणजे कॅन्सर किंवा विस्मरण नव्हे. अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, हे ईमेलवरून फिरणाऱ्या लेखांत कुणी लिहीत नाही.

इथे आपल्या अभिमानाचा एक किस्सा आठवतो. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील भारतीय वंशाच्या दोन संशोधकांना जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकन पेटंट मिळाले. आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे आणि १९५३ च्या एका वैद्यकीय लेखाचे पुरावे दिले आणि १९९७ मध्ये अमेरिकन कचेरीने ते दावे फेटाळले. ही 'हळदीघाटीची लढाई' आपण मुलांना जरूर सांगावी. मात्र ती जिंकली कशावर? 'हे आम्हाला आधीपासून माहीत आहे' यावर. हळद सर्व रोगांवर चालते असा निकाल तेव्हा कुणी दिला नव्हता, पण आपल्यापैकी बरेच जण तेव्हापासून अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले आहेत. (त्यात आता इथल्या कॉफीच्या दुकानांत आजीचे हळदीचे दूध पाच डॉलरला मिळते, म्हणजे विचारूच नका!)

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. बाटली औषधाच्या दुकानात, औषधाच्या शेजारी असते एवढेच. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हात आखडावा. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये इशारा दिला होता. वॉरफरिनवर अगदी स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचे उत्पादन सुरू केले आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर दहाच्या वर गेला. बहुतेकांना तो दोन ते तीनमध्ये ठेवायचा असतो. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, किडनी स्टोनचा त्रास असलेल्यांनी आणि ऑपरेशन ठरलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगताना आम्हालाच जड जाते, कारण ती आईने पाठवलेल्या डब्याबद्दल आहे. सुटीला गेलो की येताना बॅगेत मसाले, मेतकूट आणि हळद हे ठरलेलेच. पण न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २००८ ते २०१७ या काळात तपासलेल्या मसाल्यांमध्ये परदेशात विकत घेऊन आणलेल्या पुड्यांत इथल्या दुकानातल्यांपेक्षा शिसे जास्त आढळले. इथलीही सगळी धुतल्या तांदळासारखी नव्हेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरातल्या हळदीच्या ३२ नमुन्यांपैकी प्रत्येकात शिसे होते, कुठे नगण्य, तर कुठे ग्रॅममागे ९९ मायक्रोग्रॅमच्या वर.

हळदीत शिसे येते कुठून? हळकुंडे शिजवून वाळवली की ती पिंपात घोळवून पॉलिश करतात. काही ठिकाणी त्या वेळी लेड क्रोमेट नावाचा झगझगीत पिवळा रंग चोळतात, म्हणजे निस्तेज मालही सोन्यासारखा दिसतो. बांगलादेशात हा प्रकार २०१९ मध्ये उघडकीस आला आणि सरकारने कारवाई केल्यावर दोन वर्षांत जवळजवळ थांबला, ही त्यातली चांगली बातमी. भारतात २०२४ च्या एका अभ्यासात पाटण्याच्या काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण भयंकर निघाले. याचा अर्थ सांगलीची किंवा वसमतची हळद वाईट असा कुणी घेऊ नये. शेतकरी आणि गिरणी ओळखीची असेल तर उत्तमच. धोका आहे तो कुठून आली ते माहीत नसलेल्या सुट्या, भडक पिवळ्या पुडीचा. डोळ्यांनी किंवा पाण्यात टाकून शिसे ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

मोठ्यांपेक्षा काळजी आहे ती लहान मुलांची आणि गरोदर मुलींची. वरणभात सुरू झालेले बाळ रोज थोडी का होईना हळद खाते, आणि शिसे मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. न्यूयॉर्क राज्यात एक आणि दोन वर्षांच्या मुलांची रक्तातील शिशाची तपासणी सक्तीची आहे. इतरत्र राहणाऱ्यांनी मुलांच्या डॉक्टरांना आपणहून विचारावे आणि घरात भारतातून आणलेले मसाले वापरतो हे सांगावे. कुंकवाचेही तसेच. २०१७ मध्ये न्यू जर्सी आणि भारतातल्या सिंदूराच्या ११८ नमुन्यांपैकी बहुतेकांत शिसे आढळले होते. म्हणून देव्हाऱ्यातला करंडा रांगत्या बाळाच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

आम्ही स्वतः काय करतो, असे काहींनी विचारले. फोडणीत हळद पूर्वीसारखीच घालतो, मुका मार लागला तर लेपही लावतो. पुडी बंद पाकिटातली, नाव-पत्ता असलेली घेतो. कॅप्सूल मात्र समितीतल्या तिघांनी बंद केल्या. ज्यांना घ्यायच्याच आहेत त्यांनी डॉक्टरांकडे जाताना बाटलीच पर्समध्ये टाकून न्यावी, म्हणजे 'औषध की हळद' हा वाद उरत नाही. आणि भूक जाणे, खाज, गडद लघवी यांतले काही दिसले तर त्याच दिवशी गोळी थांबवून फोन करावा.

काकू व्यायामाचे धडे घेऊन गेल्या महिन्यात साताऱ्याला परतल्या. बॅग भरताना त्यांनी ती अर्धी उरलेली बाटली साड्यांच्या घडीत ठेवली होती, "पैसे दिलेत, टाकायची कशाला?" म्हणून. सुनेने ती विमानतळावर निघण्याआधी हळूच काढून घेतली.